हडंब्यातली टिंग

"सर, आवाज कंपनामुळे निर्माण होतो, असं तुम्ही शिकवलं. मग तुमच्या गाडीत नेमकं काय कंप पावून राहिलंय?"

विज्ञान दिनाच्या कार्यक्रमात, भरल्या मांडवात, माईक दोन्ही हातांत घट्ट धरून नववीतल्या आरोहीनं हा प्रश्न विचारला, आणि मागच्या रांगेतल्या पोरांनी शेंगा फोडायचं थांबवलं.

खरं म्हणजे हा प्रश्न तिचा नव्हता. तो शिवकन्या आणि प्रियंका या दोन मैत्रिणींचा. सकाळी गाडीच्या मागच्या सीटवर बसून दोघींनी पैज लावली होती. "हिंमत असंल तर विचार. विचारलंस तर बाजारच्या दिवशी भेळ आमच्याकडून." आठवीपर्यंत आरोही माईक दिसला की मागच्या रांगेत सरकायची. पण यंदा वक्तृत्वात पहिला नंबर आला, तिला माईकची चव लागली, आणि चव लागलेलं माणूस भेळेसाठी काय वाट्टेल ते करतं.

अडचण एवढीच, की मंचावरचे विश्वंभर सर तिचे वडील होते. घरी पप्पा, शाळेच्या फाटकाच्या आत सर. आणि गाडी तीच, जिच्यात बसून ती स्वतः रोज जवळा बाजारहून औंढ्याला शाळेत यायची.

गाडी पांढरी होती, म्हणजे एके काळी. वयानं आरोहीपेक्षा मोठी. इमानानं चालायची, पण गेल्या दसऱ्यापासून तिला असा काही कंठ फुटला होता, की शाळेतल्या पोरांनी तिचं नाव हडंबा ठेवलं. ज्यानं सोयाबीन काढताना शेतातलं मळणीयंत्र ऐकलंय, त्याला त्या नावातला न्याय पटेल. उशिरा येणारी पोरं हडंब्याचा आवाज ऐकून प्रार्थनेकडे पळत सुटायची. दसऱ्याच्या आधी अशाच एका सोयाबीनच्या ट्रॉलीनं वळणावर गाडीला घासून तिचा बाजूचा आरसा उडवला होता. आत तिघी पोरी होत्या. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. घरात त्याचं फारसं कुणी मनावर घेतलं नाही. आई म्हणाली, "आरसाच तर गेला." पप्पांनी जेवता जेवता जडत्वाचा नियम समजावून सांगितला. झालं.

तर मांडवात सगळे सरांकडे बघत होते. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. या माणसाची तालुक्यात एक ख्याती होती. कुठल्याही कार्यक्रमात लिंबातून रक्त काढून दाखवायचे, मग त्यामागचं रसायन सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "कारण शोधा. कारणाशिवाय काहीही घडत नाही." आता कारण शोधायची पाळी त्यांच्याच बॉनेटवर आली होती.

"प्रश्न चांगला आहे," सर म्हणाले. "पुढच्या शनिवारी गाडी इथं मैदानात आणतो. सगळ्यांसमोर कारण सांगतो आणि आवाज बंद करून दाखवतो. आणि न्हाईच जमलं, तर गाडी विकीन अन् एसटीनं येईन!"

सरांच्या तोंडून मंचावर 'न्हाई' निघालं म्हणजे प्रकरण काळजाला लागलं, हे आरोही एकटीच ओळखत होती. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आरू," शिवकन्या तिच्या कानाशी लागली, "एसटीनं सर एकटेच न्हाई यायचे. आपण बी येऊन राहिलो त्यांच्यासंगं."

आरोहीचा चेहरा उतरला. सकाळच्या एसटीत औंढ्यापर्यंत एका पायावर उभं राहावं लागतं, कारण दुसऱ्या पायावर कुणाची तरी पेटी असते. आणि मागच्या सीटवरची ती तिघींची राजधानी, त्या पैजा, ती गाणी, सगळं गेलं असतं. एका भेळेपायी!

घरी जाताना गाडीच तेवढी बोलत होती.

दुसऱ्या दिवशी कामाला सुरुवात झाली ती अर्जानं. गाडी मैदानात आणायची तर मुख्याध्यापिका बाईंची लेखी परवानगी लागते. सरांनी अर्ज केला. विषय, वाहन मैदानात आणण्यास परवानगी मिळणेबाबत. अर्ज परत आला. वर लाल शाईत शेरा, 'वाहन वाजणारे की दुरुस्त झालेले, ते स्पष्ट करावे.' बाईंचं म्हणणं बिनतोड होतं. वाजणारं असेल तर दहावीच्या सराव परीक्षेला त्रास होईल. दुरुस्त झालेलं असेल तर दाखवायचं काय? सरांनी दुसरा अर्ज लिहिला, 'सध्या वाजणारे, परंतु तोवर न वाजणारे.' तोही परत आला. त्यात काळाचा घोळ होता म्हणे.

इकडे गल्लीत बातमी पोचली होती, आणि समोरचे व्यंकटराव सकाळी चहाला हजर झाले. व्यंकटरावांकडे म्हशी, आणि म्हशींपेक्षा जास्त सल्ले. दुधाचे कॅन गावोगाव पोचवायला त्यांना एक जुनी गाडी हवी होती, आणि नजर कधीची हडंब्यावर होती. ते सल्ला द्यायचे तो गाडीच्या भल्यासाठी, पण बघायचे डिकीकडे.

"सर, बैलगाडीचं एक बघा," ते बशीत चहा ओतत म्हणाले. "रिकामी गाडी वाजती. भरली का गप. तुमची बी रिकामी पळून राहिली. वजन टाका."

सर विज्ञानाचे, पण त्या दिवशी बुडत्या माणसासारखे दिसत होते. नुकताच हरभरा घरी आला होता. त्यातली दोन पोती डिकीत चढली, गाडी मागून बसली, आणि काय आश्चर्य, गल्लीच्या टोकापर्यंत आवाज खरंच दबला! सरांनी आरशातून आरोहीकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. 

औंढ्याच्या पहिल्याच गतिरोधकावर गाडीचं पोट दणकन आपटलं. एका पोत्याची शिवण उसवली. डिकीच्या तळाला गंजून एक भोक पडलेलं होतं, ते पप्पांना माहीत होतं आणि हरभऱ्यालाही लगेच कळलं. पुढचं दृश्य औंढेकर अजून सांगतात. पुढे वाजत जाणारा हडंबा, मागे रस्त्यावर हरभऱ्याची सरळ रेघ, आणि त्या रेघेवर तोंड न उचलता चालणाऱ्या शेळ्या. शाळेच्या फाटकातून गाडी आत आली तेव्हा मागून शेळ्याही शिस्तीत आत आल्या. खेळाच्या सरांनी शिटी वाजवली. शेळ्या थांबल्या नाहीत, नववी ब मात्र रांगेत उभी राहिली.

त्या संध्याकाळी आरोहीनं ठरवलं, आता पुरे. प्रश्न आपण विचारलाय, तर कारणही आपणच शोधायचं.

तिनं मैत्रिणींना बोलावलं. गल्लीबाहेरच्या गतिरोधकावरून पप्पांनी गाडी अगदी हळू न्यायची, आणि तिघींनी एकेका चाकाशी कान लावून, कमरेत वाकून, गाडीबरोबर पळायचं, असा बेत. पप्पांनी डोक्याला हात लावला, पण गाडी काढली. सहा फेऱ्यांत निम्मा बाजार गोळा झाला.

"काय हरवलं गं पोरींनो?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"आवाज, बाबा!" प्रियंका धापा टाकत म्हणाली.

"आवाज तर इथवर येऊन राहिला की!"

"व्हय, आवाज हाय. त्याची जागा हरवलीय!"

पण जागा थोडीफार सापडली. आरोहीनं घरी येऊन जाहीर केलं, "पप्पा, आवाज एक न्हाई, दोन हायेत. एक खड, एक टिंग. खड डावीकडून, पुढच्या चाकापाशी, खड्डा आला की. टिंग कुठंबी, कवाबी. उभ्या गाडीला धक्का मारला तरी टिंग."

"माझ्या कानाला एकच येतो," पप्पा म्हणाले.

"तुमच्या कानाला रोजची सवय झाली."

मग गाडी पंपाजवळच्या देविदास मेकॅनिककडे गेली. देविदासकाकांनी बॉनेटचा कोपरा सगळं अंग टाकून दाबला आणि सोडला. गाडी एकदा वर आली आणि थांबली. "शॉकप जित्ता हाय," ते म्हणाले. "मेला असता तर डुलतच राह्यली असती." मग जॅक लावून चाक दोन्ही हातांनी हलवलं.

"कवापासून वाजती, सर?"

"दसऱ्यापासून," पप्पा म्हणाले, आणि उगाच आभाळाकडे बघायला लागले.

देविदासकाका गाडीखाली सरकले. बाहेर फक्त त्यांचे पाय. "हां, हा बघा! लिंक रॉड गेला. रबर फाटलं, आतली गोटी ढिली झाली. तीच खडखड करती. आन् दुसरीकडं..." इथं ते एकदम गप्प झाले. पाय जुळले. मग खालून वेगळ्याच, देवळात बोलल्यासारख्या आवाजात म्हणाले, "सर, थोडी तार असंल तर द्या."

पप्पांनी न विचारता तार दिली.

"कशाला, काका?" आरोहीनं वाकून विचारलं.

"काही न्हाई, बाई. असल्याला टोकू न्हाई." बाहेर येऊन त्यांनी गाडीला हात लावला आणि तो कपाळाला लावला. आरोहीला वाटलं, मेकॅनिक लोकांची अशी रीत असेल.

रविवारी बापलेक वारंग्याच्या फाट्यावर गेले, कारण जुन्या गाडीचे सुटे भाग मिळाले तर तिथंच, धर्मसिंगच्या दुकानात. आरोहीनं जुना लिंक रॉड वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घेतला होता. धर्मसिंगनं तीन नवे रॉड काउंटरवर मांडले, सोनार दागिने मांडतो तसे.

"हा ओरिजिनल. हा ओरिजिनलसारखा. आन् हा लोकल, पण दिलसे बनवलाय."

"शेवटी लोखंडच ते," म्हणून पप्पांनी लोकलवर हात ठेवला. रसायनशास्त्राच्या दृष्टीनं त्यांचं बरोबर होतं. आरोहीनं पिशवीतून जुना रॉड काढून त्याच्याशेजारी उभा केला. लोकल बोटभर लांब निघाला.

"बसवला का आपोआप बसतो, बेटी," धर्मसिंग म्हणाला.

"तो बसंल, पण गाडी बी बसंल, काका." मग तिनं ओरिजिनलसारख्याच्या रबरावर नख दाबून पाहिलं. बिस्किटासारखं कडक. खऱ्याच्या रबरावर नख रुतलं आणि खूण लगेच भरून आली. "हा द्या. आन् दोन द्या. एका पायात नवी चप्पल अन् एका पायात झिजकी घालून कुणी चालतंय का?"

धर्मसिंगनं तिच्याकडे पाहिलं, मग सरांकडे. "सर, पोरगी काय करती?"

"प्रश्न विचारती," पप्पा म्हणाले आणि निमूट खिशात हात घातला.

रॉड बसले, आणि खड गेली! अगदी समूळ गेली. तिघी पोरी मागच्या सीटवर नाचल्या. पण आनंद गल्लीच्या तोंडापर्यंतच टिकला. इतके दिवस खडच्या आड लपलेली टिंग आता एकटीच रंगमंचावर आली होती. टिंग. टिंग टिंग. लग्नाला निघालेल्या घोडीसारखा हडंबा वाजत गावात शिरला.

देविदासकाकांनी मग बुश बदलले, नट आवळले, शॉकपच्या माथ्यावरचं रबर बदललं. दर वेळी खाली गेले की गप्प होत, तार मागत, वर येऊन नमस्कार करत. आणि दर वेळी टिंग आणखी खणखणीत होत गेली, जणू कुणी तिला घासूनपुसून देत होतं.

शुक्रवार उजाडला. बाईंनी अखेर परवानगी दिली, 'वाहनाच्या स्थितीबाबत शाळा जबाबदार नाही' या अटीवर. संध्याकाळी व्यंकटराव आले ते हातात दुधाचा रिकामा कॅन घेऊन. "बघतो जरा," म्हणून त्यांनी तो डिकीत ठेवला. नेमका बसला. झाकणसुद्धा लागलं.

"राहू द्या तिथंच," ते म्हणाले. "उद्या लागंलच." आणि म्हशी धुवायला निघून गेले. पप्पा पायरीवर बसून एसटीचं वेळापत्रक मोबाइलवर बघत होते. मंचावर लिंबातून रक्त काढणारा माणूस इतका बारीक होऊन बसलेला आरोहीनं कधी पाहिला नव्हता. तिला ती भेळ आठवली. अजून मिळालीही नव्हती.

गाडी नेहमीसारखी घरासमोरच्या कोरड्या गटारावर उभी होती, पुढची चाकं या काठावर, मागची त्या. आरोहीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जॅक कशाला हवा? पोतं अंथरून ती सरळ गटारात उतरली, पाठीवर झोपली आणि मोबाइलची बॅटरी लावली. दिवेलागणीची वेळ होती. वर हडंब्याचं पोट, आणि त्या पोटाला, पुढच्या दोन चाकांच्या मधल्या दांड्यावर, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, अशा लोखंडी नाल लटकत होत्या. घोड्याच्या पायाला ठोकतात त्या. नजर लागू नये म्हणून वाहनाला बांधतात त्या.

तिनं बोटानं एकीला ढकललं. टिंग.

दुसरीला ढकललं. टिंग टिंग.

देविदासकाकांच्या नव्या तारा वर होत्याच. दुसऱ्यानं बांधलेल्या नालेविषयी बोललं तर तिचा गुण उतरतो, म्हणून बिचारे दर वेळी ती अदबीनं बाजूला सरकवायचे, भाग बदलायचे, वरून तार गुंडाळायचे, आणि तोंडातून एक शब्द काढायचे नाहीत. पण त्या तारांच्या खाली मूळची बांधणी तशीच होती. एक नाल हिरव्या साडीच्या किनारीनं बांधलेली. ती साडी आरोहीला पाठ होती, आईची वटसावित्रीची. आणि दुसरी नाल तांबूस चकचकीत वार्निश लावलेल्या बारीक तांब्याच्या तारेनं. ती तार जवळा बाजारात एकाच घरात असू शकत होती. विद्युतचुंबकाचा प्रयोग शाळेत दरसाल तिनंच व्हायचा.

आरोही गटारातच हसत सुटली. इतकी, की आई स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन आणि पप्पा पायरीवरून चष्मा सावरत धावत आले.

"काहून हसती गं? लागलं का कुठं?"

"दोघं बी खाली वाका," आरोही गटारातून म्हणाली. "आवाज सापडला."

दोघं वाकले. बॅटरीचा झोत आधी हिरव्या किनारीवर पडला.

"म्या बांधली," आई, म्हणजे मिराबाई, लगेच म्हणाली. "दसऱ्याला गाडीची पूजा झाली तवा. द्या भाषण! ट्रॉली घासून गेली आन् तिघी लेकरं आत. मला काय झोप लागती का? तुमाला सांगितलं असतं तर तुमी..." आणि मग झोत सरकला. मिराबाईनं तांब्याची तार पाहिली. नवऱ्याकडे पाहिलं. पुन्हा तार पाहिली.

विश्वंभर सर आभाळाकडे बघत होते. या वेळी आभाळही त्यांच्या मदतीला आलं नाही.

"अगं बया," मिराबाई म्हणाली. "विज्ञानवाले!"

"तो भार आहे," सर म्हणाले. "गुरुत्वमध्य खाली जातो. स्थैर्य..."

"घोड्याच्या नालेनं?"

"त्या दिवशी ट्रॉली घासली," सर हळूच म्हणाले, "तवा मी आतल्या आरशात बघितलं. मागं तिघी हसून राहिल्या होत्या. त्यांना कळलं बी न्हाई. त्या रात्री मी दोनदा उठून आरूला बघून आलो. मग... बांधली. कुणाला काय सांगायचं? पण मी पक्की बांधली होती, मिरा. ढिली कशी झाली, तेच कळंना."

"तन्यता, सर," आरोही गटारातून म्हणाली. "तांबं ताणलं का लांबतं. आठवीचा धडा."

आधी मिराबाईच्या हातातलं लाटणं हलायला लागलं, मग खांदे, आणि ती गाडीला टेकून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. सरही हसले, पण थोडे कमी, कारण त्यांना शनिवार दिसत होता.

"आरू," ते तिला हात देऊन वर घेत म्हणाले, "आपण असं करू. नाल आत्ताच काढू. उद्या फक्त लिंक रॉडचं सांगू. ते बी खरंच हाय की."

आरोहीनं पाठीवरची माती झटकली. केसांत गटारातला पालापाचोळा होता, पण माईक हातात असल्यासारखी ती दोघांसमोर ताठ उभी राहिली.

"उद्या उत्तर मी देणार," ती म्हणाली. "प्रश्न माझा होता. खडचं कारण सांगणार आन् टिंगचं बी सांगणार. तार दाखवणार, किनार दाखवणार. पोरं हसतील, पप्पा. हसू द्या. तुमीच म्हणता ना, कारण शोधा. मग सापडलेलं कारण खिशात घालायचं न्हाई. पण दोन्ही नाल गाडीलाच ऱ्हाणार. सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळून मी स्वतः बांधणार, तांब्याच्या तारेनं न्हाई. आन् आई, त्यो डिकीतला कॅन व्यंकटकाकांना देऊन ये. गाडी विकायची न्हाई."